शाळेसाठी कर, पण कोणाला विचारून?

महानगरपालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलात सामान्य कर, पाणी, मलनिस्सारण, वृक्ष कर अशा ओळी असतात. त्यांच्याच रांगेत आणखी एक ओळ असते, राज्य शिक्षण कराची. चंद्रपुरात बिल हाती पडले की माणूस आधी तळचा आकडा पाहतो, गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडतो आणि वाढला असेल तर कर विभागाचा जिना चढतो. मधल्या ओळींकडे फारसे कोणी पाहत नाही. शिक्षण कराची ती ओळ मात्र थांबून वाचावी अशी आहे. सामान्य माणसाला ‘हा पैसा शाळेसाठी’ असे सांगून त्याच्या घरावर लावलेला कर तिथे दिसतो.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत स्थानिक शाळा मंडळाला घरांवरचा शाळा कर वाढवायचा असेल तर मतदारांसमोर जावे लागते, आणि मतदार अनेकदा तो फेटाळतात. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तर मालमत्ता करालाच कायमची मर्यादा घातली. आपल्याकडे अशी सोय नाही. विदर्भात १९४८ पासून तहसीलवार जनपद सभा होत्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे होत्या. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्याच वर्षी राज्याने शिक्षण उपकराचा कायदा केला. तेव्हापासून शाळा जिल्ह्याची, शिक्षण कर राज्याचा आणि तो वसूल करून देणारी नगरपालिका, अशी तीन तोंडांची व्यवस्था चालू आहे.

पुढच्या संवादातली दोन माणसे मी समोरासमोर आणून बसवली आहेत. त्यांची मते मात्र चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत कुठेही ऐकू येतील अशीच आहेत. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. नोकरीचा मोठा काळ एटापल्ली आणि धानोरा तालुक्यांत गेला, आता चंद्रपुरात राहतात. बाई त्यांची एके काळची विद्यार्थिनी. माहेर धानोरा तालुक्यातले, सासर चंद्रपुरातले, आणि घराच्या समोरच्या खोलीत खानावळ.

बाई : गुरुजी, समोरच्या खोलीत चार टेबलं टाकले अन् जेवण देणं सुरू केलं, तर ती खोली आता घर नाही म्हणते, व्यवसाय आहे. शिक्षण कर दुप्पट लावून राहिले. माझ्या घरून शाळेत जाणारे लेकरं काय दुप्पट झाले का जी?

गुरुजी : दर वापरावर ठरतो, पोरी. राहत्या घराला वार्षिक मूल्याच्या दोन ते सहा टक्के, इतर वापराला त्याच्या दुप्पट. ज्याची कमाई त्या जागेतून होते त्याने थोडे जास्त द्यावे, एवढाच विचार आहे त्यामागे. मला त्यात अन्याय दिसत नाही.

बाई : कमाईवर वेगळा कर असतेच की. ते राहू द्या. हा कर कोणाले विचारून लावला?

गुरुजी : विधानसभेने कायदा केला. तुझ्या-माझ्या आमदारांनी.

बाई : तेव्हा मी जन्मलीही नव्हती. अन् आता वाढते तेव्हा कोण विचारते? घराचं नवं मूल्य ठरलं की शिक्षण कर आपोआप वाढते. नोटीस आली, हरकत घ्या म्हणाले. मी हरकत घेतली. त्यांनी खोलीची लांबी-रुंदी पुन्हा मोजली. बाकी कशावर बोलताच येत नाही तिथं.

तिचे हे म्हणणे खरे आहे आणि ते साधे नाही. करआकारणीवरची हरकत म्हणजे ‘माझे घर चुकीचे मोजले’ एवढेच सांगण्याची जागा. ‘हा कर का वाढवता, त्यातून काय करणार’ हे विचारण्याची जागा सभागृह, आणि तेच काही वर्षे नव्हते. २०११ मध्ये चंद्रपूरची नगरपालिका महानगरपालिका झाली. २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली. त्याच वर्षी दोन्ही जिल्हा परिषदांचीही मुदत संपली. पुढे निवडणुका लांबत गेल्या आणि प्रशासक आले. प्रशासक चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. मतदाराचा विरोध नेऊन ठेवायला एकही निवडलेला माणूस नसताना कराची बिले निघत राहिली, ही गोष्ट माझ्या मते या सगळ्या चर्चेत सर्वांत गंभीर आहे, आणि तिच्यावर दोन्ही जिल्ह्यांत जेवढे बोलले जायला हवे होते तेवढे बोलले गेले नाही.

गुरुजींना ते मान्य होते. पण तेवढ्याने त्यांचे मत बदलत नव्हते.

गुरुजी : समज, सभागृह आहे. समज, प्रत्येक करावर मतदान आहे. कर वाढवा म्हणून कोण हात वर करेल? आणि नाही केला तर भामरागडच्या शाळेचा पगार कुठून येईल, ते सांग. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. पलीकडच्या पाड्यावर बारा पोरांची शाळा आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिथे दोन शिक्षक लागतात, साठ पोरांपर्यंत किमान दोन. त्या दोघांचा महिन्याचा पगार त्या गावाच्या वर्षभराच्या घरपट्टीतून निघेल का? चार कुडाची घरे, त्यांना घरपट्टी ती किती! चारही बाजूंनी जंगल, आणि जंगलाला घरपट्टी नसते. तो पगार मुंबई-पुण्याच्या कराचा आहे, तुझ्या खोलीच्या कराचाही आहे. राज्याच्या एका तिजोरीत सगळे जाते म्हणूनच तो पैसा पर्लकोटेपलीकडे पोचतो.

बाई : पोचते का जी खरंच? माझ्या माहेरच्या शाळेले वर्षाचं अनुदान किती येते माहीत आहे तुम्हाले?

गुरुजी : माहीत आहे. तीसपर्यंत पट असेल तर दहा हजार.

बाई : दहा हजार! खडू, रजिस्टर, विजेचं बिल, नळाची तोटी, गळणारं छप्पर, सगळं त्यातच. विजेचं बिल थकलं की लाइन कापते. मंग मास्तर गावाले म्हणते, वर्गणी काढा. म्हणजे कर वेगळा अन् वर्गणी वेगळी.

गुरुजी : वर्गणी मीही काढली आहे. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आलं, शाळा डिजिटल करायच्या होत्या, लोकसहभागाशिवाय होत नव्हतं. लोकांनी दिले. आनंदाने दिले.

बाई : तेच तर म्हणून राहिली मी! लोकं आनंदानं देतात. अन् दोन वर्षांनी काय झालं?

२०१७ च्या डिसेंबरात राज्याने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत हलवायचे जाहीर केले. पुढे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली, समूह शाळांची कल्पना आली. कागदावर अंतर एक किलोमीटर, तीन किलोमीटर असे दिसते. जंगलाच्या जिल्ह्यात त्या एका किलोमीटरात नाला असतो, आणि पावसाळ्यात तो सहा-सात वर्षांच्या मुलाला ओलांडता येत नाही. कमी पटाची शाळा महाग पडते हे कोणीही मान्य करील. पण गडचिरोलीत पाडाच लहान असेल तर पट मोठा कुठून यावा?

बाई : कर वाढते अन् शाळा घटते. मंग माणूस विरोध नाही करणार तर काय करेल?

गुरुजी : शाळा बंद करण्याच्या विरोधात मी तुझ्या बाजूने आहे. सह्या मीही केल्या आहेत. पण म्हणून कर देऊ नका म्हणशील तर उद्या ते म्हणतील, बघा, पैसाच नाही, आणखी शाळा बंद.

बाई : देऊ नका कुठं म्हटलं मी? दाखवा म्हटलं. केंद्राचाही उपकर आहे ना शिक्षणाचा?

गुरुजी : २००४ पासून. आधी दोन टक्के, मग तीन, आणि २०१८ पासून आरोग्यासह चार.

बाई : तो वेगळा, राज्याचा वेगळा. माझ्या वार्डातून शिक्षण कर किती गोळा झाला अन् माझ्या वार्डाच्या शाळेवर किती लागला, एवढे दोन आकडे कोणीतरी बिलाच्या मागे छापून द्या ना.

इथे गुरुजींनी जोतीराव फुल्यांचे नाव काढले. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना फुल्यांची तक्रार नेमकी हीच होती. पैसा कष्टकऱ्याच्या शेतातून येतो आणि खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, शेतकऱ्याच्या मुलाची प्राथमिक शाळा उपाशीच राहते. फुले कराच्या विरोधात नव्हते. करातून आलेला पैसा ज्याच्याकडून आला त्याच्या मुलापर्यंत परत जावा, असे ते म्हणत होते. गुरुजींना वाटले, फुल्यांचे नाव आपल्या बाजूने पडेल. पण बाईंनी ते आपल्याकडे ओढून घेतले.

बाई : म्हणजे तेव्हाही विचारलंच होतं कोणीतरी, आमचा पैसा कुठं गेला म्हणून. मी तेच विचारून राहिली. आता माझ्या माहेराकडचं सांगू का? मोहगावचं?

गुरुजी : सांग. मला त्यावर बोलायचंच आहे.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची शाळा काढली. नाव ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल’, माध्यम गोंडी. वनहक्क कायद्याने ग्रामसभांच्या हाती तेंदूपान आणि बांबू आले. २००९ मध्ये याच तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०१२ मध्ये चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगावला मिळाला, आणि मग एकेका गावाच्या खात्यात प्रथमच स्वतःचा पैसा जमू लागला. मोहगावने त्या उत्पन्नातून शाळा चालवली. कर लावणारे तेच, भरणारे तेच, ठरवणारे तेच. पुढे शिक्षण विभागाची नोटीस आली की शाळेला मान्यता नाही, बंद करा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि पुढे दिवसाला दहा हजार. ग्रामसभा नागपूर खंडपीठात गेली.

बाई : बघा जी. इथं शहरात कर नको म्हणणाऱ्याकडून घेतात, तिथं गावानं स्वतःहून पैसा लावला तर दंड लावतात! पहिलीतलं पोट्टं घरी गोंडी बोलते, माडिया बोलते. समोर मास्तर मराठीत बोलते. ते पोट्टं वर्षभर नुसतं बसून राहते. तुम्ही पाहिलं आहे ना?

गुरुजी : पाहिलं आहे. माझ्या वर्गात पाहिलं आहे. पहिली दोन वर्षे मुलाची भाषा शिक्षकाला आली पाहिजे. प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकवण्याची सोय करावी, असं संविधानाचं कलम ३५०-क सांगतं. ग्रामसभेवर दंड लावण्याआधी शिक्षण विभागाने तिथे जाऊन बसायला हवं होतं, शिक्षक द्यायला हवा होता. पण माझं एक ऐक. मोहगावजवळ बांबू आहे, तेंदू आहे. ज्या गावाला वनहक्काचा दावाच मंजूर झाला नाही, त्याने काय करावं? राजुऱ्याकडे कोळशाच्या मातीच्या ढिगाऱ्याखाली ज्याचं शिवार गेलं, त्याने काय विकावं? तुझा भाऊ ग्रामसभेचा हिशेब ठेवतो, त्याला विचार, तेंदूचा भाव पडला त्या वर्षी किती जमा झाले. शाळेचा पगार तेंदूच्या भावावर ठेवायचा का? पाचगावने तर जंगलाला त्रास होतो म्हणून तेंदू तोडणंच थांबवलं, आणि चांगलं केलं. उद्या त्यांची शाळा तेंदूवर असती तर त्यांना जंगल आणि शाळा यांतून एक निवडावं लागलं असतं.

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. हा युक्तिवाद मलाही जड वाटतो. गावाने गावासाठी कर द्यावा म्हटले की मन भरून येते. पण तीच पद्धत सगळीकडे लावली तर श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत आणि गरीब गावाची गरीब राहते. अमेरिकेतल्या शाळा मंडळांवर तिथलेच लोक हाच आक्षेप घेत आले आहेत. ग्रामदानात उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा ग्रामकोषात टाकण्याची रीत आहे. ती फार मोलाची आहे, पण उत्पन्न नसलेल्या गावाचा चाळिसावा हिस्सा किती होणार?

बाई : बरं, तेंदूवर नका ठेवू. खाणीवर ठेवा. चंद्रपूरचा कोळसा, सूरजागडचं लोखंड. धूळ आम्ही खातो. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. त्यात पैसा आहे की नाही?

गुरुजी : आहे. जुन्या पट्ट्यांच्या रॉयल्टीच्या तीस टक्के, लिलावाच्या नव्या पट्ट्यांच्या दहा टक्के. २०१५ च्या नियमांनी किमान साठ टक्के पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर घालायचे सांगितलं होतं.

बाई : मंग चंद्रपूरच्या खानावळीवरचा कर वाढवायच्या आधी त्या पैशातून शाळेचं छप्पर काऊन नाही होत?

गुरुजी : होऊ शकतं, व्हायला पाहिजे. छप्पर, संडास, वर्गखोली, वाचनालय, सगळं. तिथे मी तुझ्याशी भांडत नाही. पण पगार त्यातून नको. खाण संपते, शाळा संपून चालत नाही. आणि एक गोष्ट तुलाही माहीत नसेल. पेसा क्षेत्रातल्या गावात त्या निधीतून काम घ्यायचं तर ग्रामसभेची मंजुरी लागते. किती ग्रामसभांनी शाळेचं काम लिहून पाठवलं?

बाई : रस्ता लिहितात, समाजमंदिर लिहितात.

गुरुजी : तेच ना. आदिवासी उपयोजनेचे पाच टक्के अबंध निधी म्हणून पेसा ग्रामपंचायतींना थेट येतात, त्यातही शिक्षणाला जागा आहे. तेव्हा शाळा कोणाच्या यादीत असते?

हा टोला गावांना बसतो आणि बसायलाच हवा. पण गावाच्या यादीत शाळा का नसते, याचे कारण गावाच्या उदासीनतेत शोधणे मला पुरेसे वाटत नाही. ग्रामपंचायतीच्या पावतीवर घरपट्टी असते, दिवाबत्ती असते, आरोग्य रक्षण असते, पाणीपट्टी असते. शाळेच्या नावाची ओळ तिथे नसते. शिक्षक जिल्हा परिषदेचा, पगार राज्याचा, पुस्तके बालभारतीची, इमारतीचा निधी समग्र शिक्षाचा. गावाने शाळेबद्दल काही ठरवावे अशी जागाच व्यवस्थेने रिकामी ठेवलेली नाही. नुसत्या कागदावर एक जागा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली, तिच्यात तीन चतुर्थांश पालक. कलम २२ ने त्या समितीला शाळा विकास आराखडा करायला सांगितले आणि शासनाचे अनुदान त्या आराखड्याच्या आधारे द्यायचे, असे स्पष्ट लिहिले. अनुदान मात्र पट मोजून येते, दहा हजार किंवा पंचवीस हजार. आराखडा फाइलीत राहतो. करवाढीला होणाऱ्या विरोधाची मुळे मला इथे दिसतात. काय हवे ते लोकांनी लिहून दिले आहे, कायद्याने ते लिहून घेतले आहे, आणि पैसा देताना तो कागद कोणी उघडत नाही.

गुरुजी : तुझ्या माहेरी घरपट्टीची फेरआकारणी कधी आहे?

बाई : यंदाच. भाऊ म्हणत होता, दर चार वर्षांनी करतात. आता घराच्या किमतीवर लावतात म्हणून लोकांले जास्त वाटते.

गुरुजी : २०१५ च्या शेवटी नियम बदलले, चौरस फुटाऐवजी भांडवली मूल्य आलं. तुझ्या भावाला सांग, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत फेरआकारणीचा विषय येईल, त्याच्या आधी शाळेचा आराखडा वाचून दाखवा. छप्पराला किती, विजेला किती, गोंडी येणारी एक ताई पहिलीच्या वर्गात बसवायची तिच्या मानधनाला किती. यातलं राज्याकडून काय मागायचं, खनिज निधीतून काय, अबंध निधीतून काय, आणि उरलेलं गावाने काय द्यायचं. मग घरपट्टीचा दर ठरवा.

बाई : हे बरोबर आहे. असं केलं तर लोकं हात वर करतील. शहरातही वार्डसभा घेऊन करता येते हे.

गुरुजी : शहरातला शिक्षण कर राज्याचा आहे, तो वार्डसभेने बदलणार नाही.

बाई : बदलू नका म्हटलं. वाढवण्याआधी हिशेब सांगा म्हटलं. हिशेब सांगायले कोणता कायदा आडवा येते?

गुरुजी : कोणताच येत नाही.

बाई : मंग झालं.

गुरुजी : झालं नाही. आराखडा वाचला, हिशेब सांगितला, आणि तरी ग्रामसभेने करवाढ नाही म्हटली तर?

बाई : तर नाही म्हटली. पुढच्या ग्रामसभेत पुन्हा मांडा. २६ जानेवारीले. गावाचं आहे, गाव ठरवेल.

गुरुजी : पुढच्या ग्रामसभेपर्यंत पहिलीचं पोट्टं दुसरीत जायला येतं, पोरी. त्याला ते वर्ष पुन्हा मिळत नाही. गाव ठरवेपर्यंत छप्पर गळतच राहणार. म्हणून मी सांगतो, काही कर लोकांना विचारल्याशिवायही घ्यावे लागतात.

बाई : अन् विचारल्याशिवाय घेऊन साठ वर्षं झाले जी गुरुजी. छप्पर अजूनही गळूनच राहिलं.